पदव्युत्तर पदवीचे नियम प्रवेशाच्या दिवशी ठरवा : कुलगुरू आणि विद्या परिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू महोदय, विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे माननीय संचालक यांस,

सविनय नमस्कार.

तिसऱ्या सत्राच्या लेखी परीक्षेला जेमतेम काही दिवस उरले असताना आपल्या परीक्षा विभागाने एम.ए., एम.कॉम. आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी एक परिपत्रक काढले. प्रत्येक विषयात अंतर्गत मूल्यमापन आणि विद्यापीठाची लेखी परीक्षा या दोन्हींमध्ये स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे त्याने बंधनकारक केले. संशोधन प्रकल्पासोबत वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल, कार्यप्रशिक्षणासाठी नोंदणीकृत आस्थापनेचे प्रमाणपत्र आणि पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत या बाबीही त्याच कागदात घातल्या. हे सर्व पुढील वर्षी प्रवेश घेणाऱ्यांसाठी असेल असे आम्ही धरून चाललो होतो. गेल्या आठवड्यात तिसऱ्या सत्राचा निकाल लागला, तेव्हा हे नियम आधीच शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना लावले गेले आहेत हे उघड झाले. महाविद्यालयामार्फत दिलेल्या निवेदनाची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे आणि ते सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहीत आहे.

मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या पदव्युत्तर केंद्रात अर्थशास्त्र शिकवते. माझी नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे शिकवलेल्या तासांचेच मानधन मिळते. अंतर्गत गुण पोर्टलवर भरणे, चाचण्यांच्या वह्या तपासणे आणि प्रकल्पांचे मसुदे वाचणे ही कामे त्या तासांत मोजली जात नाहीत. आपल्याच विद्यापीठाची मी माजी विद्यार्थिनी आहे, आणि उन्हाळी परीक्षेनंतर केंद्रीय मूल्यमापन केंद्रावर उत्तरपत्रिका तपासायला बसणाऱ्यांपैकीही एक आहे. त्यामुळे नियम वर्गात कसा पोहोचतो आणि गुणपत्रकावर कसा उतरतो, या दोन्ही गोष्टी मला जवळून दिसतात. माझ्या वर्गातील बहुतेक मुले-मुली आपापल्या घरातील पहिली पदवीधर आहेत. कित्येकांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. या मुलांसाठी अभ्यासक्रम सोपा करा किंवा काठिण्यपातळी खाली आणा, अशी मागणी मी करत नाही आणि तेही करत नाहीत.

पहिला आणि सर्वांत गंभीर मुद्दा उत्तीर्णतेच्या नियमाचा आहे. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या माहितीपुस्तिकेत शंभर गुणांच्या विषयाची विभागणी अंतर्गत ४० आणि लेखी ६० अशी असून दोन्ही मिळून ४० गुण मिळवणारा विद्यार्थी उत्तीर्ण समजला जाईल, असे स्पष्ट छापलेले आहे. पहिल्या दोन सत्रांचे निकाल त्याच नियमाने लागले. आता अंतर्गतमध्ये किमान १६ आणि लेखीमध्ये किमान २४ अशी दुहेरी अट आहे. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे गुणपत्रक तिच्या परवानगीने समोर ठेवून लिहीत आहे. सार्वजनिक वित्त या चार क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे विषयाचे निकालातील वजन) विषयात तिला अंतर्गत ३३ आणि लेखी २२, एकूण ५५ गुण आहेत. माहितीपुस्तिकेतील नियमाने ती ‘बी’ श्रेणीत उत्तीर्ण होते आणि तिला ६ ग्रेड पॉइंट मिळतात. परिपत्रकाच्या नियमाने तिच्या नावासमोर ‘एफ’ आणि शून्य आले आहे. त्याच वर्गातील, त्याच विषयात अंतर्गत १८ आणि लेखी २४ मिळवणारा विद्यार्थी एकूण ४२ गुणांवर उत्तीर्ण झाला आहे, आणि त्याच्या यशाबद्दल कुणाचीच तक्रार नाही.

या एका ओळीचा परिणाम किती दूर जातो, हे आपल्यालाही ठाऊक आहे, पण परिपत्रक लिहिताना कुणी आकडेमोड केली असावी असे वाटत नाही. एका सत्राचे २२ क्रेडिट असतात. या विद्यार्थिनीला उरलेल्या १८ क्रेडिटमध्ये सरासरी ७ ग्रेड पॉइंट आहेत, म्हणजे १२६. सार्वजनिक वित्तचे चार गुणिले सहा, म्हणजे २४, त्यात मिळवले की १५० होतात आणि सत्राची सरासरी ६.८२ येते. ते शून्य धरले की ५.७३. दोन गुण कमी पडल्याने सरासरी एका ग्रेड पॉइंटहून अधिक घसरते. प्रत्यक्षात तिच्या गुणपत्रकावर सरासरीचा रकाना मोकळाच ठेवलेला आहे, आणि चौथ्या सत्राच्या चार-पाच विषयांच्या जोडीला हा विषय पुन्हा देऊन ती उत्तीर्ण होईपर्यंत तो मोकळाच राहील.

स्वतंत्र उत्तीर्णतेचे तत्त्व मला मान्य आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक समजते. काही ठिकाणी अंतर्गत गुण सढळ हाताने वाटले जातात, ३८ आणि ३९ अंतर्गत गुण घेऊन लेखीमध्ये १० वर थांबणारे विद्यार्थी एकत्रित नियमाने पार पडतात, आणि त्याने पदवीची पत कमी होते, ही तक्रार खरी आहे. परंतु मोंढ्यात माल उतरवून झाल्यावर काटा बदलायचा नसतो. ज्या नियमावर विश्वास ठेवून विद्यार्थ्याने प्रवेश घेतला, शुल्क भरले आणि दोन सत्रे काढली, तो नियम त्याची पदवी हाती येईपर्यंत टिकला पाहिजे. नवा नियम हवा असेल तर तो नव्या प्रवेशापासून लावावा. शिवाय सढळ अंतर्गत गुणांवर उपाय करायचा तर तो गुण देणाऱ्याकडून सुरू व्हायला हवा. महाविद्यालयांतील चाचण्यांच्या वह्या आणि चर्चासत्रांच्या नोंदी विद्यापीठाने नमुन्यादाखल मागवून तपासल्या, तर हा प्रश्न एका वर्षात आटोक्यात येईल. आमच्या केंद्राच्या वह्या कधी कुणी मागितलेल्या नाहीत.

याच नियमाला लागून दुसरी अडचण आहे, आणि ती परिपत्रक लिहिणाऱ्यांच्या ध्यानातच आलेली दिसत नाही. लेखी परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुढील परीक्षेचा अर्ज भरून पुन्हा बसू शकतो. अंतर्गत मूल्यमापनात अनुत्तीर्ण झालेल्याने काय करायचे, याबद्दल परिपत्रकात एक शब्दही नाही. पोर्टलवर अंतर्गत गुण एकदा बंद झाले की ते पुढे तसेच ओढले जातात. एकत्रित उत्तीर्णतेच्या काळात यात काही बिघडत नव्हते, कारण लेखीत अधिक गुण मिळवून भरपाई करता येत असे. आता अंतर्गतमध्ये १६ पेक्षा कमी गुण असलेल्या विद्यार्थ्याने लेखीत साठपैकी साठ मिळवले तरी तो त्या विषयात कायमचा अनुत्तीर्ण आहे.

ही स्थिती कुणाच्या वाट्याला येते, तेही सांगते. आमच्याकडे प्रवेशाच्या मुदतवाढी संपता संपता पावसाळा सरतो, आणि अंतर्गत चाचण्या व चर्चासत्रे नेमकी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात. याच दिवसांत तांडे आणि वस्त्या रिकाम्या होऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर गेलेल्या असतात. कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते ती जोडीच्या नावाने. जोडीतले एक माणूस आजारी पडले तर उचल फिटावी म्हणून घरातील कर्त्या मुलाला किंवा मुलीला जावे लागते. नसेल तर मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे घर सांभाळावे लागते. या हंगामात आईच्या जागी फडावर गेलेला माझा एक विद्यार्थी दोन्ही चाचण्यांना आणि चर्चासत्राला हजर राहू शकला नाही. लेखी परीक्षेला मात्र तो रातोरात गाडी पकडून आला, आणि अर्थमिती या विषयात त्याला साठपैकी ४१ गुण आहेत. अर्थमितीत ४१ गुण मिळवणारे विद्यार्थी मी फार पाहिलेले नाहीत. अंतर्गतच्या रकान्यात त्याच्या नावासमोर ‘अनुपस्थित’ आहे, आणि आजच्या नियमाप्रमाणे ही अनुपस्थिती कधीच भरून निघणार नाही.

तिसरा मुद्दा ग्रेड पॉइंटचे टक्केवारीत रूपांतर करण्याचा आहे. तो नवा नसला तरी नव्या नियमांमुळे अधिक तीव्र झाला आहे, आणि तो वर्षानुवर्षे असाच लोंबकळत ठेवल्याबद्दल माझा राग सर्वाधिक आहे, हे मी लपवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची दहा अंकी श्रेणीपद्धती आपण स्वीकारली आहे. तीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि ‘पी’ला ४ ग्रेड पॉइंट आहेत. कोणत्या गुणांना कोणती श्रेणी द्यायची, हे आपण आपल्या तक्त्यात ठरवले आहे, आणि त्यानुसार ५५ ते ५९ गुणांना ‘बी’ म्हणजे ६ पॉइंट मिळतात. इथवर सारे सरळ आहे.

आता सर्व विषयांत ५८ गुण मिळवणारी एक विद्यार्थिनी घ्या. तिचा सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांच्या ग्रेड पॉइंटची सरासरी, नेमका ६ येतो. गुणपत्रकावर टक्केवारी छापलेली नाही आणि ती काढण्याचे सूत्रही छापलेले नाही. दहाने गुणले तर तिचे ६० टक्के होतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) दहावीसाठी पूर्वी वापरलेल्या ९.५ या गुणकाने ५७ होतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के धरले जातात. त्या हिशेबाने तिच्या ६ चे ५२.५ टक्के होतात. नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांसाठी, तसेच पीएच.डी.च्या प्रवेशासाठी, खुल्या गटातील उमेदवाराला पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि राखीव गटांतील उमेदवाराला ५० टक्के लागतात. नेटमध्ये पूर्णांकात रूपांतर चालत नाही, ५४.९९ चे ५५ होत नाहीत. म्हणजे प्रत्येक उत्तरपत्रिकेत ५८ गुण मिळवलेली ही मुलगी पात्र आहे की अपात्र, हे तिच्या अभ्यासावर अवलंबून राहत नाही. समोरचा कारकून कोणते सूत्र हाताशी घेतो यावर ते ठरते. नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीची रक्कम आज दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि तिच्या घरासाठी हा आकडा काय आहे ते वेगळे सांगायला नको.

यावर आपल्या विभागाचे उत्तर असते की विद्यार्थ्याने अर्ज करून, शुल्क भरून रूपांतराचे प्रमाणपत्र घ्यावे. ते घेण्यासाठी आमच्या भागातील विद्यार्थी पहाटेची एसटी पकडून विद्यापीठात येतो, चलन भरतो, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जातो आणि ‘पंधरा दिवसांनी चौकशी करा’ हे ऐकून परत जातो. अर्जाची अंतिम तारीख त्या पंधरा दिवसांत निघून जाते. जे एक सूत्र गुणपत्रकाच्या मागील बाजूस दोन ओळींत छापता येते, त्यासाठी स्वतंत्र अर्ज, शुल्क आणि प्रमाणपत्र कशासाठी आहे, याचे समाधानकारक कारण मला अद्याप कुणी दिलेले नाही.

चौथा मुद्दा दुसऱ्या सत्रातील कार्यप्रशिक्षणाचा, ज्याला विद्यार्थी ‘ओजेटी’ म्हणतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी रचना आणली, तीत दोन वर्षांचे ८८ क्रेडिट असून त्यांपैकी ४ कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प यांसाठी आहेत. हा ‘किंवा’ शासनाने ठेवलेला आहे. आपल्या परिपत्रकाने तो काढून टाकला आणि नोंदणीकृत आस्थापनेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्याला, जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या किंवा लातूरच्या डाळ मिलच्या शहरात शिकणाऱ्याला अशी आस्थापना मिळू शकते. आमच्या तालुक्यात एक बाजार समिती, दोन-तीन बँकशाखा आणि काही पतसंस्था आहेत, आणि त्या दरवर्षी संपूर्ण वर्ग सामावून घेऊ शकत नाहीत. परिणामी ओळखीच्या दुकानदाराकडून शिक्का मारून आणलेली प्रमाणपत्रे सादर होतात आणि आपण ती स्वीकारतो. त्यापेक्षा एका गावातील पाणलोटाचा, रोजगार हमीच्या कामांचा किंवा उचल आणि कर्ज यांचा महिनाभर अभ्यास करून लिहिलेला क्षेत्रीय प्रकल्प अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कितीतरी अधिक शिकवून जाईल.

संशोधन प्रकल्पाबद्दल थोडक्यात. तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ असे दहा क्रेडिट त्याला आहेत, आणि वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य त्यांत क्षम्य मानले आहे. त्यांचे पालन व्हावे, याबद्दल दुमत नाही. मात्र तपासणीचे सॉफ्टवेअर फक्त विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात आहे आणि आमच्या केंद्राला त्याचे खाते दिलेले नाही. त्यात एक गंमतही आहे. मराठीतील प्रकल्प युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला असेल तरच ते सॉफ्टवेअर त्यातील मजकूर वाचते. तालुक्याच्या टंकलेखन केंद्रात जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर त्याला निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो आणि साम्य जवळपास शून्य निघते. म्हणजे प्रामाणिकपणे युनिकोडमध्ये लिहून संदर्भ देणाऱ्या मुलीच्या अहवालात सात-आठ टक्के साम्य येते, तर आदल्या वर्षीचा प्रकल्प जसाच्या तसा उतरवून जुन्या फॉन्टमध्ये छापणाऱ्याचा अहवाल निष्कलंक येतो. तपासणी सक्तीची करण्यापूर्वी युनिकोड सक्तीचे करायला हवे होते.

पाचवा मुद्दा कमाल मुदतीचा. पदवीसाठी नियोजित कालावधीनंतर दोन वर्षे आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष द्यावे, असे आयोगाने २०१५ साली सुचवलेले आहे. आपल्या परिपत्रकाने पहिला भाग घेतला आणि अपवादाचा भाग वगळला. दुसरीकडे आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार सुरू झालेल्या अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याचे क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. क्रेडिट जिवंत आहेत पण पदवी घेण्याचा हक्क संपला, अशा अवस्थेत सर्वाधिक सापडतात त्या लग्नामुळे आणि बाळंतपणामुळे शिक्षणात खंड पडलेल्या मुली. त्यातही एखादाच विषय राहिलेल्या, आणि तो विषय नव्या अभ्यासक्रमात नसल्यामुळे समकक्ष विषयाची यादी कधी लागते याची वाट पाहणाऱ्या मुली माझ्या माहितीत आहेत. यादी विद्यापीठाने लावायची, उशीर विद्यापीठाकडून व्हायचा आणि मुदत मात्र विद्यार्थिनीची संपायची, हे न्यायाला धरून नाही.

निकालाच्या विलंबाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याविषयी कायदाच पुरेसा बोलका आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत आणि काहीही झाले तरी पंचेचाळीस दिवसांत निकाल जाहीर करायचा असतो. तिसऱ्या सत्राचा निकाल या मुदतीत लागला नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळण्याची अवस्थाही अशीच आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच मान्य केला आहे. पण छायाप्रत जर पुढील परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर हाती पडणार असेल, तर विद्यार्थ्याला आधी अनुत्तीर्ण म्हणून शुल्क भरावे लागते आणि नंतर तो उत्तीर्ण होता हे कळते.

१९५८ पर्यंत मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. पदवीची परीक्षा, तिचे नियम आणि तिचा निकाल हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहून ठरत असे, आणि या भागातील सामान्य घरातील मुलांना उच्च शिक्षण आवाक्यात यावे म्हणून येथे विद्यापीठ मागितले गेले. आज केंद्र तालुक्याला आले आहे, वर्ग भरतो आहे, मुली मोठ्या संख्येने एम.ए.ला बसत आहेत. निर्णय मात्र त्यांच्यापासून तितकेच दूर घेतले जात आहेत. पदव्युत्तर केंद्रांवर शिकवणाऱ्या तासिका तत्त्वावरील अध्यापकांना किंवा विद्यार्थी प्रतिनिधींना विचारून हे परिपत्रक निघाले असते, तर अंतर्गत परीक्षेच्या पुनर्संधीसारखी ढळढळीत उणीव त्यात राहिली नसती.

आमच्या मागण्या अशा आहेत. स्वतंत्र उत्तीर्णतेचा नियम पुढील शैक्षणिक वर्षात प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांपासून लागू करावा आणि सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचा तिसऱ्या सत्राचा निकाल माहितीपुस्तिकेतील नियमाप्रमाणे दुरुस्त करून पुन्हा जाहीर करावा. यापुढे उत्तीर्णता, श्रेणी, मुदत आणि प्रकल्प यांसंबंधीचा कोणताही बदल प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध करावा आणि तो त्या तुकडीपासूनच लागू होईल, अशी तरतूद विद्या परिषदेने अध्यादेशात करावी. ही मागणी बाकी सर्व मागण्यांच्या आधी आहे. ती मान्य झाली तर उरलेल्यांवर चर्चा करायला आम्हाला वेळ मिळेल.

अंतर्गत मूल्यमापनात अनुत्तीर्ण किंवा अनुपस्थित राहिलेल्यांना प्रत्येक सत्रात एक पुनर्संधी द्यावी, आणि ऊसतोड कामगारांच्या पाल्यांसाठी तसेच गंभीर आजारपण व बाळंतपण यांसाठी ती संधी हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये घेण्याची मुभा केंद्रांना असावी. सीजीपीएचे टक्केवारीत रूपांतर करण्याचे एकच सूत्र विद्या परिषदेने मंजूर करून ते प्रत्येक गुणपत्रकावर, प्रत्यक्ष गुणांच्या टक्केवारीसह, छापावे आणि प्रमाणपत्राचे स्वतंत्र शुल्क बंद करावे. कार्यप्रशिक्षणाला क्षेत्रीय प्रकल्पाचा पर्याय पूर्ववत द्यावा. वाङ्मयचौर्य तपासणीचे खाते प्रत्येक पदव्युत्तर केंद्राला द्यावे आणि प्रकल्प युनिकोडमध्येच स्वीकारावेत. कमाल मुदतीतील अपवादात्मक वर्ष मान्य करावे, आणि समकक्ष विषयांची यादी लागेपर्यंतचा काळ त्या मुदतीत धरू नये. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढील परीक्षेच्या अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वी द्यावा. ते शक्य नसेल तर त्या विद्यार्थ्यांसाठी अर्जाची तारीख पुढे न्यावी.

आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या वर लोकपाल अशी व्यवस्था आहे. माझ्या केंद्रातील विद्यार्थी समितीकडे आपापले अर्ज स्वतंत्रपणे दाखल करत आहेत. तरीही शेकडो विद्यार्थ्यांनी एकाच कारणासाठी वेगवेगळे अर्ज करावेत, त्यावर वेगवेगळे निर्णय व्हावेत आणि ज्यांना अर्ज करणे जमले नाही ते मागे राहावेत, यापेक्षा आपण एका ठरावाने हा प्रश्न सोडवणे सर्वांच्या सोयीचे आहे. चौथ्या सत्राचे परीक्षा अर्ज भरण्याची मुदत जवळ आली आहे. त्या आधी विद्या परिषदेची बैठक बोलावून हा विषय तिच्यापुढे ठेवावा आणि निर्णय काहीही झाला तरी तो कारणांसह लेखी प्रसिद्ध करावा, ही विनंती. बैठकीपूर्वी केंद्रांवरील अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकायचे असल्यास आम्ही गुणपत्रके आणि माहितीपुस्तिका घेऊन आपण सांगाल त्या दिवशी उपस्थित राहू.

कळावे,
आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची तासिका तत्त्वावरील अध्यापिका,
पदव्युत्तर केंद्र